जमिनीत बसविलेले ट्रॅम्पोलिन

अमेरिकेतील टेक्सस राज्यात घरामागच्या अंगणात ट्रॅम्पोलिन असणे ही आता नवलाई उरलेली नाही. परंतु ते पायांवर उभे न करता खड्डा खणून हिरवळीशी समतल बसवावे, म्हणजे मुलांना शिडी चढावी लागणार नाही आणि उंचावरून पडण्याचे भयही कमी होईल, अशी अनेक गृहस्थांची इच्छा असते. कल्पना जुनीच आहे. १९३० नंतरच्या दशकात जॉर्ज निसेन व लॅरी ग्रिसवोल्ड यांनी आयोवात हे साधन सिद्ध केले आणि १९६० च्या सुमारास अमेरिकेत रस्त्यांच्या कडेला खड्ड्यांवर ताणलेल्या ट्रॅम्पोलिनांची क्रीडास्थाने निघाली. पुढे अपघातांमुळे ती लवकरच बंद पडली.

फावडे हाती घेण्यापूर्वी, जमिनीखाली काय पुरले आहे ते कळावे म्हणून, ८११ या क्रमांकावर वर्दी द्यावी. टेक्ससमध्ये ती किमान दोन कामकाजाचे दिवस आधी द्यावी लागते. मग संबंधित कंपन्यांची माणसे येऊन विजेच्या तारांसाठी तांबड्या व गॅससाठी पिवळ्या रंगाच्या खुणा जमिनीवर विनामूल्य करून जातात. मात्र मालकाने स्वतः पुरलेले बागेचे नळ या खुणांत येत नाहीत, त्यांचा तपास ज्याचा त्यानेच करावा.

खरा विचार मातीचा करावयाचा. डॅलसपासून सॅन अँटोनियोच्या दिशेने पसरलेला काळ्या जमिनीचा पट्टा आपल्या वऱ्हाडातील कपाशीच्या जमिनीचाच सगोत्र होय: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पाऊस पडताच त्या मिटून, माती फुगून, पाणी वरच्यावर साचलेले. अशा जमिनीत केलेला खड्डा पाण्याची तजवीज केल्याशिवाय डबकेच होणार, आणि ओलसर सांगाडा गंजणार. म्हणून एक फूट खोल खळगा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा, आणि दुसऱ्या खेपेस पाणी ताशी किती उतरते ते पट्टीने मोजावे. ताशी एक इंचाहून कमी उतरत असेल, तर जमिनीच्या भरवशावर राहू नये. उतार अनुकूल असेल तेथे तळाशी खडीचा थर देऊन छिद्रे पाडलेला नळ उताराकडे काढावा. सपाट अंगणात पाणी उपसणारा छोटा पंप लागतो. छपराच्या पन्हळीचे पाणी तर मुळातच दुसरीकडे वळविले पाहिजे.

१४ फूट व्यासाच्या ट्रॅम्पोलिनाला मध्यभागी सुमारे तीन ते साडेतीन फूट खोली लागते, काठाशी त्याहून पुष्कळ कमी. त्यामुळे खड्डा परातीसारखा उतरता घेता येतो. तरीही सुमारे ३०० घनफूट माती निघते, आणि ती सैल होऊन चतुर्थांशाने तरी फुगते, याची कल्पना पुष्कळांना ढीग समोर उभा राहिल्यावरच येते. काठाची माती आत ढासळू नये म्हणून सभोवार आधाराची भिंत बांधावी लागते, आणि फुगणाऱ्या काळ्या मातीचा रेटा लक्षात घेता तीत हयगय करू नये.

पाण्याइतकीच काळजी हवेची. ट्रॅम्पोलिनाचा ताणलेला पट खाली दबला की त्याखालची हवा कोंडते, उडीचा जोम मरतो आणि कडेच्या गाद्या फडफडून वर उचलल्या जातात. म्हणून सांगाडा जमिनीपासून एक-दोन इंच वर ठेवावा आणि सच्छिद्र गाद्या वापराव्या.

एवढे करूनही धोका संपत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये घरगुती ट्रॅम्पोलिनाविरुद्धच आपले मत दिले असून, सुमारे तीन चतुर्थांश इजा एकाच वेळी अनेक जण उड्या मारीत असता होतात, असे त्यात म्हटले आहे. पडण्याची उंची खड्ड्याने कमी होते. एकमेकांवर आदळणे त्याने मुळीच थांबत नाही. तेव्हा टेक्ससमधील आपल्या मराठी कुटुंबांनी हा खर्च करण्याचे ठरविलेच, तर एका वेळी एकच मूल हा दंडक पहिल्या दिवसापासून घालून द्यावा, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास कोणीतरी वडीलधारे माणूस अंगणात बसवावे.