ऐकू येणारी भिंत
खेळ सर्वांचा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारखे लढतीचे खेळ पाहिले. त्यांत आखाडा बाजूने दिसतो. प्रतिस्पर्धी डावीकडे आहे की उजवीकडे, हे हेडफोनच्या कोणत्या कानात आवाज येतो त्यावरून कळतं, आणि प्रत्येक फटक्याचा आवाज वेगळा असतो. म्हणूनच अंध खेळाडूंनी हे खेळ बनवणाऱ्यांची वाट न पाहता आपलेसे केले. प्रथमपुरुषी खेळांत मात्र ही वाट बंद होते. ती का बंद होते आणि कुणी कशी उघडली, हा आजचा विषय.

‘डूम’ (१९९३) किंवा ‘क्वेक’ (१९९६) या खेळांत आपलं पात्र पडद्यावर दिसत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे जे असेल तेच आपल्याला दिसतं. खेळाडू कुठल्याही दिशेला वळू शकतो, त्यामुळे सतत तीन प्रश्न उभे राहतात. माझं तोंड कुठे आहे? पुढे भिंत आहे की दार? पायाखालची जमीन कुठे संपते? डोळस माणसाला एका नजरेत तिन्हींची उत्तरं मिळतात. राक्षस गुरगुरतो, दार करकरतं. पण भिंत, कोपरा आणि खड्डा गप्प असतात. अंध खेळाडू अडतो तो इथे.

आवाज त्रिमित केला की काम झालं, असा समज असतो. तो अपुरा आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. वेळेतला हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो टिपतो. पण नेमका समोरून आणि नेमका पाठीमागून येणारा आवाज दोन्ही कानांपर्यंत एकाच वेळी पोचतो. प्रत्यक्षात कानाच्या पाळीची घडण आणि मानेची हालचाल हा घोटाळा सोडवतात. साध्या हेडफोनवर शत्रू पुढे आहे की मागे, हे ओळखणं अवघड जातं. म्हणून आवाजाच्या जोडीला होकायंत्र लागतं, ठरावीक कोनातच वळण्याची सोय लागते, आणि मुक्या वस्तूंना आवाज द्यावा लागतो.

हे काम सुरुवातीला हाती घेणाऱ्यांत दोन नावं महत्त्वाची. जीएमए गेम्सने २००१ मध्ये ‘शेड्स ऑफ डूम’ हा केवळ आवाजावर चालणारा प्रथमपुरुषी खेळ काढला. दुसरं नाव ‘ऑडिओक्वेक’. इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९९ मध्ये ‘क्वेक’चा सोर्स कोड खुला केला, म्हणून मॅथ्यू अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्या मूळ खेळातच हात घालता आला. त्यांनी भिंतीला घासण्याचा आवाज दिला, मोकळ्या वाटेला वाऱ्याचा, कड्याला इशाऱ्याचा. शत्रूंचा माग सांगायला रडार बसवलं. खेळ तोच राहिला, त्यातल्या खोल्याही त्याच राहिल्या.

पण सगळंच एकदम बोलू लागलं तर कुणाचंच ऐकू येत नाही. डोळा पसरलेलं दृश्य एका क्षणात कवेत घेतो. कानाला गोष्टी एकामागून एक लागतात. त्यामुळे कोणता आवाज आपोआप यावा, कोणता खेळाडूने विचारल्यावरच यावा आणि गोळीबार सुरू असताना कोणता थांबावा, ही निवड म्हणजे निम्मं काम असतं. ती निवड अंध माणसं सोबत असल्याखेरीज नीट होत नाही.

‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ (२०२०) हा प्रथमपुरुषी खेळ नव्हे. त्यात पात्र पाठीमागून दिसतं. तरी त्याचा धडा इथे लागू पडतो. ब्रँडन कोल यांच्यासारखे अंध सल्लागार त्या कामात होते आणि खेळात साठाहून अधिक सुविधा आल्या. एक कळ दाबली की पात्राचं तोंड पुढच्या वाटेकडे वळतं. अंध खेळाडू शेवटापर्यंत पोचू शकतो, ही फार मोठी गोष्ट आहे. पण हात धरून नेल्याने मुक्काम गाठता येतो. आजूबाजूला काय आहे, ते कळत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेली ‘नॅव्हस्टिक’ ही कल्पना नेमकी इथे उपयोगी पडते. कंट्रोलरची कांडी ज्या दिशेला झुकवाल, त्या दिशेला काय आहे हे खेळ बोलून सांगतो. कुठे ‘पाहायचं’ आणि कुठे जायचं, हे मग खेळाडू ठरवतो.

माझ्या मते सुगम्यतेची खरी कसोटी हीच: निर्णय कुणाच्या हातात आहे? या कसोटीवर ‘ऑडिओक्वेक’चा प्रकल्प आणखी एक पाऊल पुढे गेला. खेळातल्या खोल्या माऊसने रेखाटाव्या लागतात, त्यामुळे अंध माणूस खेळू शकला तरी खेळाचा नकाशा घडवू शकत नव्हता. या गटाने नकाशा शब्दांत लिहिण्याची एक भाषा तयार केली: ही खोली, तिच्या उत्तरेच्या भिंतीत दार, पलीकडे दालन. संगणक त्यावरून चालण्याजोगी जागा उभारतो. दुसऱ्याने बांधलेल्या घरात नुसतं वावरण्याचा नव्हे, तर घर बांधण्याचाही हक्क मिळाला.

इतर अपंगत्वांनाही हीच कसोटी लावता येते. कर्णबधिर खेळाडूला ‘पावलांचा आवाज’ एवढं लिहून दाखवणं पुरत नाही. तो कुठल्या बाजूने आला, याचा बाणही हवा. हातांची हालचाल मर्यादित असेल तर कळ दाबून धरण्याऐवजी एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद, एवढ्या बदलानेही खेळ शक्य होतो. २०१८ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अ‍ॅडाप्टिव्ह कंट्रोलरला तर पाय, कोपर किंवा हनुवटी, जिथे बळ असेल तिथली कळ जोडता येते.

पुण्या-मुंबईतही गेम बनतात आणि ते शिकणारी मुलं वाढत आहेत. त्यांच्यासाठी एक आग्रहाची सूचना आहे. पहिल्या आराखड्याच्या बैठकीतच अंध आणि अपंग खेळाडूंना बोलवा, आणि त्या सल्ल्याचा मोबदला द्या. भिंतीचा आवाज भिंतीबरोबरच ठरला तर तो थोडक्या कष्टात बसतो. खेळ पूर्ण झाल्यावर बसवायचा तर प्रत्येक खोली पुन्हा उघडावी लागते.

पुढील लेखांकात: गाडी शर्यतीच्या खेळांत वळण ऐकून कसं घ्यायचं.