हातचे केलेले : भिलाईच्या घरांतील छंद

स्वयंपाक, विणकाम, रांगोळी, मातीकाम, बागकाम या छंदांना ना गुरू लागतो ना रंगमंच. साहित्य घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, काम काही तासांत किंवा दिवसांत हातावेगळे होते आणि तयार झालेली वस्तू घरात वापरली जाते किंवा शेजारी जाते. भिलाईसारख्या कारखान्याच्या गावात हे छंद कसे रुजले आणि बाजारात सगळे तयार मिळत असतानाही कसे टिकले, हे पाहिले की त्यांतला आनंद नेमका कुठून येतो याचा अंदाज येतो.

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई पोलाद कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. भिलाई ज्यात येते तो दुर्ग जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नोकरीसाठी देशभरातून माणसे आली. नागपूर-हावडा लोहमार्गावरच्या या गावी विदर्भातून येणे तर सोपेच होते. सेक्टरांमधल्या क्वार्टरांत मराठी, छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहू लागली. कारखान्याचे काम पाळ्यांचे आणि टनांत मोजायचे. एका माणसाच्या हातून पुरी झालेली अशी वस्तू त्यात क्वचितच दिसते. घरातल्या छंदात मात्र सुरुवात, मधला भाग आणि शेवट एकाच्याच हाती असतो.

या छंदांचे सर्वांत मोठे दालन स्वयंपाकघर. वैदर्भीय घरांनी सांडगे, कुरडया, सरगुंडे सोबत आणले. इथे त्यांना छत्तीसगढी भावंडे भेटली. मराठी घरात कोहळ्याचे सांडगे उन्हाळ्यात घालतात. छत्तीसगढी घरात त्याच कोहळ्याला रखिया म्हणतात आणि त्याची बडी हिवाळ्याच्या उन्हात वाळवतात. भिजवलेली उडदाची डाळ वाटून, हाताने फेटून, त्यात किसलेला रखिया मिसळतात. पीठ पुरेसे फेटले गेले की नाही हे घड्याळावर ठरत नाही. चिमूटभर पीठ वाटीभर पाण्यात सोडायचे. तरंगले तर झाले, बुडाले तर अजून फेटायचे.

दिवाळीचा अनारसा आणि छत्तीसगढचा अइरसा यांचे नातेही असेच, दोन्ही तांदूळ आणि गूळ यांचे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालतात, रोज पाणी बदलतात, मग उपसून सावलीत कापडावर पसरतात. पूर्ण वाळू न देता, किंचित दमट असतानाच दळून, चाळून त्यात गूळ मिसळायचा आणि गोळा काही दिवस मुरू द्यायचा. खसखशीवर थापलेला अनारसा खसखस वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडतात. तो उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचे. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात पसरून फुटतो, म्हणजे ‘हसतो’. अइरशाची रीत थोडी निराळी. त्यात तांदळाचे पीठ गुळाच्या पाकात मळतात. छत्तीसगढची ठेठरी म्हणजे ओवा घातलेल्या बेसनाची, हाताने वळून दुमडलेली तिखटमिठाची दोरी. खुरमी गोड, तिचे कणीक-गुळाचे पीठ टोपलीच्या विणीवर दाबून नक्षी उठवतात. शेजारपाजारी ताटांची देवाणघेवाण झाली की अशा कृती एका घरातून दुसऱ्या घरात जातात. छापील पाककृतीत प्रमाण मिळते. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून ते अनेक मराठी घरांत पोचवले. पीठ किती दमट असावे हे मात्र बोटांनाच शिकावे लागते.

हस्तकलांचे दालन सणांना बांधलेले आहे. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी सजवतात. छत्तीसगढात पोरा या सणाला मातीचे बैल आणि मुलींसाठी मातीचे जाते, चूल, भांडी आणतात. दिवाळीत छत्तीसगढी वस्त्यांत मातीची गौरी-गौरा घडवली जातात आणि सुवा हे लोकनृत्य करणाऱ्या बायकांच्या टोपलीत धान्यावर मातीचा पोपट बसतो. धानाच्या लोंब्या गुंफून केलेली झालर दाराला लावतात आणि तिचे दाणे पाखरे टिपतात. मराठी अंगणात याच सुमारास ठिपक्यांची रांगोळी, मुलांचा मातीचा किल्ला, कामट्या आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील असतो. लग्नाचे रुखवत, जुन्या लुगड्यांची गोधडी, क्रोशाचे रुमाल हे वर्षभराचे काम. बागकामाचा छंद क्वार्टरभोवतीच्या जागेने वाढवला. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ मध्ये उभारलेल्या मैत्रीबागेतील पुष्पप्रदर्शनाने त्याला स्पर्धेची गोडीही लावली.

या आनंदाचा अभ्यास मानसशास्त्रानेही केला आहे. मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ पासून असे मांडले की काम आपल्या कौशल्याच्या जरा पुढचे असेल आणि जमते आहे की नाही हे लगेच कळत असेल, तर माणूस त्यात रमतो आणि वेळेचे भान सुटते. बडीची पाण्यातली परीक्षा ही अशीच तत्काळ मिळणारी पावती. न्यूझीलंडमध्ये ६५८ तरुणांनी १३ दिवस लिहिलेल्या नोंदींच्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, एखाद्या दिवशी काही सर्जनशील केलेल्यांना दुसऱ्या दिवशी अधिक उत्साह जाणवला. त्याच वर्षीच्या एका अमेरिकी अभ्यासात ३९ प्रौढांनी पाऊण तास चित्रे, मातीकाम किंवा कोलाज केले. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण उतरले. पूर्वीचा सराव असणे-नसणे याने फारसा फरक पडला नाही. पण दोन्ही अभ्यासांचा आवाका मर्यादित आहे. त्यांतून उपचाराचा दावा निघत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. चकलीची भाजणी, वाळवणे, फराळ यांचा भार पिढ्यान् पिढ्या बायकांवर पडला. पाळीची नोकरी करून घरी आल्यावर दहा पदार्थ करायचेच असतील, तर त्याला छंद म्हणता येत नाही. विकतचा फराळ आल्याने एक गोष्ट बरी झाली : करणे सक्तीचे राहिले नाही. चकल्या दुकानातून आणून कुणी फक्त अनारसे घरी करते, कुणी लाडू आणून वेळ आकाशकंदिलाला देते. निवड आली तिथे तेच काम हौसेचे झाले. पुरुष आणि मुले पीठ चाळायला, सोऱ्या दाबायला बसली की भारही वाटला जातो आणि हातही तयार होतात.

छंद आनंदाचा राहण्यासाठी फार काही लागत नाही. काम लहान आणि पुरे होणारे असावे, चुकले तर फारसे बिघडू नये, ते निवडलेले असावे आणि शेवटी ते कुणाच्या तरी ताटात, दारात किंवा अंगावर जावे. वस्तू विकत मिळते. ती घडताना बोटांना आलेली समज विकत मिळत नाही. रखियाची बडी वाळवणाच्या दुकानात असूनही घरोघरी घातली जाते ती यामुळेच.