मुदतीचा मॅनेजर

बडोद्यातल्या गोरव्याच्या बीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एक ओळखीचं दृश्य अधूनमधून दिसतं. दीडशे माणसांचा कारखाना आणि 'पर्सनल'चं सगळं बघणारा एकच गृहस्थ, पंधरा वर्षं त्याच खुर्चीत. एके दिवशी तो हालोलच्या मोठ्या कंपनीत जातो, तेव्हा शेठच्या लक्षात येतं की शिल्लक रजांचा हिशेब, कंत्राटदारांची बिलं आणि युनियनच्या सेक्रेटरीशी अर्धवट झालेली बोलणी, सगळं त्याच्या डोक्यातच होतं. नवा माणूस शोधायचा, त्याचा नोटीस पिरियड संपायची वाट बघायची, यात चार-सहा महिने सहज जातात. तेवढ्या काळापुरता जो खुर्चीत बसतो तो अंतरिम व्यवस्थापक. मी त्याला मुदतीचा मॅनेजर म्हणतो.

त्याच्यात आणि सल्लागारात फरक सहीचा. सल्लागार अहवाल देतो, चहा पितो आणि जातो. मुदतीचा मॅनेजर पगारपत्रकावर सही करतो, आरोपपत्र देतो, वाटाघाटीला बसतो आणि गोंधळ झाला तर बोलणीही तोच खातो. धंदा म्हणून ही पद्धत १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये रुजली. तिथे कायम माणूस घेतला की कमी करणं महाग पडे, म्हणून अनुभवी माणूस मुदतीवर आणायचा.

बडोद्याला मात्र याचं अप्रूप वाटायला नको. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर कवळाण्याहून आणलेले सयाजीराव बारा वर्षांचे होते. कारभार चालवायला आले सर टी. माधवराव, कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरी मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरची दिवाणगिरी, मग इंदूरची, मग बडोदा: तीन संस्थानं, तीन वेगळ्या भाषा, तीन वेगळे दरबार. १८८१च्या डिसेंबरात महाराजांच्या हाती पूर्ण अधिकार आले आणि पुढच्या वर्षी माधवराव पायउतार झाले. मला त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे जाण्याआधी त्यांनी तरुण महाराजांना दिलेली व्याख्यानं. राज्य कसं चालवावं, माणसं कशी निवडावीत, हे सगळं त्यांत आहे. पुढे ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर ती हँडओव्हर नोट.

आता या वाटेला लागायचं कसं? पहिली पाच वर्षं टाइम ऑफिस सोडू नका. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेतून बाहेर पडलेली मुलं थेट भरतीकडे धावतात, कारण तिथे एसी असतो. पण मस्टर, पाळ्या, ओव्हरटाइम, पीएफचं चलन हे ज्याच्या हाताखालून गेलं नाही, त्याला पुढे कोणीही फसवतं. त्यानंतरची तीन-चार वर्षं युनियन असलेल्या कारखान्यात काढा. मागणीपत्र हातात पडल्यापासून करारावर सह्या होईपर्यंतचा एक पूर्ण फेरा बघा. मग वेतनरचना, मग प्रशिक्षण. उद्योगही दोन तरी हवेत. इंजिनिअरिंगमध्ये लेथवरचा कुशल कामगार टिकवण्याची चिंता, तर रसायनात रात्रपाळीच्या सुरक्षिततेची. बडोद्यात हे एका शहरात राहून जमतं: गोरव्यात छोट्या शेड, शेजारी १९०७ सालचं अलेंबिक, पलीकडे कोयलीची रिफायनरी आणि नंदेसरीचे रासायनिक कारखाने.

नुसत्या नोकऱ्या बदलणं मात्र वेगळं. दर दीड वर्षाला कंपनी बदलणाऱ्याने एकही करार पूर्ण पाहिलेला नसतो, आणि मुलाखतीत तो तिसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

काम मिळालं की पहिल्या दिवशी मी तीन कागद मागतो: गेटवरचं हजेरी रजिस्टर, तीन महिन्यांची पगारपत्रकं आणि त्याच महिन्यांची पीएफ व ईएसआयची चलनं. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नावं मोजायची. गेटमधून १७४ माणसं आत येतात आणि पीएफ चलनात १४६ दिसत असतील, तर उरलेले २८ कोण? बहुतेक वेळा कंत्राटदाराचे. मग कंत्राटदाराचं चलन मागायचं. तिथे तो "उद्या देतो" म्हणाला की आजार सापडला.

दुसरी तपासणी ग्रॅच्युइटीची. महिन्याचा शेवटचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. १८,२०० रुपये पगार आणि २१ वर्षं नोकरी असेल तर रक्कम होते २,२०,५००. अशी दहा माणसं येत्या वर्षात निवृत्त होणार असतील आणि शेठने पैसे बाजूला काढलेले नसतील, तर ते शेठना पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं. त्यात २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि पगाराची व्याख्याच बदलली. भत्ते निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग पगारात धरायचा. मूळ पगार मुद्दाम लहान ठेवणाऱ्यांचे आकडे त्यामुळे फुगले. मुदतीवर घेतलेल्या कामगारालाही आता वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी लागते.

पहिला महिना काहीही बदलू नये. हे मी शिकलो ते एका कारखान्यात तोंड पोळल्यावर. दुसऱ्याच आठवड्यात मी चहाची सुट्टी दहा मिनिटांनी पुढे सरकवली, मशीन गरम असताना बंद करावी लागू नयेत म्हणून. हेतू चांगला. पण कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळा बदलायच्या तर २१ दिवसांची नोटीस लागते, हे मला पाठ असूनही मी घाई केली. दुसऱ्या दिवशी चहाची किटली तशीच भरलेली परत गेली आणि दुपारी युनियनचं पत्र टेबलावर. सुट्टी जुन्या वेळेवर नेली, मग रीतसर नोटीस लावली. दहा मिनिटांना दीड महिना लागला.

पैशाचं थोडक्यात. इथे पगार नसतो, फी असते; कंपनी बहुधा १० टक्के कर कापून देते, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. दोन कामांच्या मध्ये तीन-चार महिने रिकामे जाऊ शकतात. ते फीच्या दरात आधीच धरावे लागतात, नाहीतर पन्नाशीत घरचे विचारतात की नोकरी सोडलीत कशाला. करारपत्रात चार गोष्टी नेमक्या लिहून घ्या: कोणत्या कागदांवर सही करण्याचा अधिकार, कोणाला उत्तरदायी, काय पूर्ण करून द्यायचं आणि शेवटची तारीख. तारीख नसेल तर शेठ प्रेमाने ठेवून घेतात, तुम्ही स्वस्तातले कायम नोकर होता आणि नवा माणूस शोधायचं काम थंडावतं.

शेवटचे पंधरा दिवस नव्या माणसाबरोबर काढायचे. फाइल्सची यादी, कपाटाच्या किल्ल्या, प्रलंबित चौकश्यांच्या तारखा हे सगळं सोपं. मी त्याशिवाय एक वेगळा कागद देतो, कुठल्याच फाइलमध्ये न बसणारा. मागच्या वेळी त्यावर सहा ओळी होत्या. कँटीनवाल्याचं बिल दहा तारखेच्या आत काढावं, नाहीतर अकराव्या दिवशी डाळ पातळ होते. वेल्डिंगमधल्या दोघा भावांना एका पाळीत टाकू नये. आणि रात्रपाळीच्या फोरमनला दुपारी चारच्या आधी फोन करू नये, तो झोपलेला असतो.