ओरोचीच्या नदीकाठचं पोलाद

जपानमधल्या शिमाने प्रांतातलं शिंजी सरोवर सूर्यास्तासाठी आणि शिजिमी नावाच्या बारीक शिंपल्यांसाठी प्रसिद्ध. संपादकांना सूर्यास्तच हवा होता. मी मात्र सरोवराला मिळणाऱ्या हिई नदीच्या काठाकाठानं वर डोंगरात, ओकुइझुमोला गेलो.

712 सालच्या ‘कोजिकी’ ग्रंथात या नदीची कथा आहे. आठ डोक्यांच्या ओरोची सापाला दारू पाजून सुसानोओ देवानं मारलं आणि त्याच्या शेपटीतून तलवार निघाली. साप म्हणजे पुरात पिसाळणारी नदी, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं. इथले लोक डोंगर खणून माती चरांतून वाहवत, तेव्हा जड लोहवाळू तळाशी राही. बाकीचा गाळ नदी खाली नेई. त्या गाळानं नदीचं पात्र आजूबाजूच्या शेतांहून उंच झालं, आणि इझुमोचं मैदान सरोवराकडे सरकत गेलं.

तळाशी राहिलेल्या लोहवाळूचं पोलाद करणारी भट्टी म्हणजे ‘तातारा’. मातीची, लांबट हौदासारखी. तीन दिवस, तीन रात्री ती अखंड पेटती ठेवतात. साधारण अर्ध्या तासाला वर लोहवाळू आणि कोळसा पडतो. एका खेपेला सुमारे 10 टन वाळू आणि 12 टन कोळसा. भात्याची हवा खालच्या भोकांतून आत शिरते. भट्टीच्या भिंतींची मातीही वितळून मळीत मिसळते. या कामात माती हा कच्चा मालच आहे. भिंत आतून झिजत जाते, आणि ती आणखी तग धरणार नाही असं दिसलं की काम थांबवून भट्टी फोडतात. आत सुमारे अडीच टनांचा ‘केरा’, म्हणजे पोलादाचा ओबडधोबड गोळा असतो. त्यातलं तलवारीला लागणारं उत्तम पोलाद, ‘तामाहागाने’, एक टनाच्या आतबाहेर. पुढच्या खेपेला भट्टी नव्यानं बांधायची. स्वतःला खर्च करून पोलाद देणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही.

थांबायचं कधी, हे भट्टीचा प्रमुख कारागीर, ‘मुरागे’, ठरवतो. ज्वाळेचा रंग आणि भोकांतून दिसणारी आग पाहून तो वाळू-कोळशाचं प्रमाण बदलत राहतो.

हे ज्ञान त्याच्या नजरेत असतं, आणि काळजी इथेच वाटते. महायुद्ध संपलं आणि 1945 मध्ये ताताराही थांबला. तलवारकलेचं जतन करणाऱ्या संस्थेनं 1977 मध्ये भट्टी पुन्हा पेटवली, ती योशिझो आबे यांच्यासारखे जुने मुरागे हयात होते म्हणून. आणखी काही वर्षं उशीर झाला असता तर विचारायचं कुणाला? आजही भट्टी फक्त हिवाळ्यात, मोजक्याच वेळा पेटते. शिकणाऱ्याचा डोळा तयार व्हायचा तो तेवढ्याच रात्रींत. इथलं पोलाद देशभरच्या तलवारकारांकडे जातं. पण तलवारकार व्हायला किमान पाच वर्षं गुरूकडे उमेदवारी करावी लागते, आणि परवान्यानंतरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. एवढ्या कमाईवर संसार चालवायला तरुण कचरतात. अशा वेळी परंपरेचं नुसतं कौतुक पुरणार नाही. शिकणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय आधी व्हायला हवी.

सरोवराकाठच्या मात्सुए शहराला जाणार असाल तर सूर्यास्त जरूर पाहा, पण एक दिवस योशिदा गावातल्या सुगाया ताताराला द्या. 1751 पासून 1921 पर्यंत चाललेल्या त्या भट्टीवरचं उंच छप्पर अजून उभं आहे.