मलप्रभेच्या खोऱ्यात, सायकलच्या वेगाने

मलप्रभा ही तशी आपल्या घरचीच नदी. खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या रानात, माउली देवीच्या परिसरात तिचा उगम. खानापूरच्या पुलावरून पावसाळ्यातले तिचे तांबूस पाणी आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेले असते. पुढे सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात ती अडते, तेथून सुटून बदामीच्या डोंगरांत शिरते आणि सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास संपवून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. बेळगावात वर्षानुवर्षे व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी बदामी पाहिलेली असते. पण ती शाळेच्या सहलीत, किंवा पाहुणे आले म्हणून मोटारीने जाऊन त्याच रात्री परतण्याच्या घाईत. नदी मात्र पाहिलेली नसते. ती पाहायची, तर चालत जावे किंवा सायकलने.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही चौघे डॉक्टर मित्र तीन दिवस या खोऱ्यात सायकलने हिंडलो. एक फिजिशियन, एक अस्थिरोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ आणि मी बालरोगतज्ज्ञ. सर्वांची पन्नाशी उलटलेली. अस्थिरोगतज्ज्ञ बरोबर असल्याने पडण्याची भीती नव्हती आणि भूलतज्ज्ञ बरोबर असल्याने पडल्यावरच्या वेदनेचीही नव्हती, असे आमच्या फिजिशियन मित्राचे म्हणणे! सायकली जीपवर बांधून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या बदामीला नेल्या आणि तेथेच मुक्काम ठेवला. बदामी ते पट्टदकल अंतर साधारण बावीस किलोमीटर आणि तेथून ऐहोळे आणखी बारा-तेरा. रोज पस्तीस ते सत्तर किलोमीटर एवढीच मजल. सायकलस्वारीत मुरलेल्या तरुणांना हे आकडे किरकोळ वाटतील. पण आमचा हेतू अंतर कापण्याचा नव्हता.

या भागातील डोंगर सह्याद्रीसारखे काळ्या कातळाचे नाहीत. ते वालुकाश्माचे, तांबड्या-गेरू रंगाचे, थरांवर थर रचल्यासारखे. सकाळच्या उन्हात ते कडे असे काही उजळतात, की माणूस आपोआप पायडल थांबवतो. या दगडाने दोन गोष्टी दिल्या. तो छिन्नीला वश होणारा, म्हणून शिल्पी आले. आणि त्याचे कडे सरळसोट, म्हणून राजे आले. बदामीच्या कड्यावर पहिल्या पुलकेशीने किल्ला बांधला, त्याचा शिलालेख शके ४६५ चा, म्हणजे इसवी सन ५४३ चा. तिसऱ्या लेण्यातील मंगलेशाचा लेख शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा. एवढ्या जुन्या काळातील कालनिश्चिती इतकी नेमकी क्वचितच हाती लागते.

पहिल्या दिवशी सकाळी बनशंकरीला गेलो. बदामीपासून पाच किलोमीटर. आपल्यापैकी अनेक घराण्यांची ही कुलस्वामिनी. पौष पौर्णिमेच्या यात्रेची तयारी सुरू झाली होती. देवळाबाहेर खेड्यातल्या बायका टोपल्या मांडून बसतात. ज्वारीची पातळ कडक भाकरी, शेंगादाण्याची चटणी, भरली वांगी आणि मडक्यात विरजलेले दही. तीस किलोमीटर पाय मारणार असलेल्या माणसाला यापेक्षा उत्तम आहार कोणत्याही आहारतज्ज्ञाला सुचवता येणार नाही. त्या बायकांच्या अंगावर इरकल आणि खणाची चोळी. इरकल नेसून आणि खणाने ओटी भरून आपल्या किती पिढ्या वाढल्या. पण ते लुगडे विणले जाते ते याच जिल्ह्यातल्या इळकलला, आणि खण विणला जातो तो बदामीपासून विसेक किलोमीटरवरच्या गुळेदगुड्डला. आपल्या आजीच्या पेटीतील कापडाचा पत्ता असा अवचित सापडला, की नकाशाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

पट्टदकलच्या रस्त्यावरून फाटा घेऊन महाकूटला गेले, की डोंगराच्या कुशीत झाडांखाली देवळांचा समूह आणि जिवंत झऱ्याचे कुंड लागते. पाणी बारमाही. दुपारची वेळ तेथे घालवावी. रस्त्यावर वर्दळ अशी नाहीच. एखादा उसाचा ट्रॅक्टर, एखादी बैलगाडी, सूर्यफुलांची शेते आणि कोठून तरी सतत ऐकू येणारा पाण्याच्या पंपाचा आवाज. रोज बाह्यरुग्ण विभागात शंभर रडणाऱ्या बाळांच्या सुरात बसणाऱ्या माणसाला ही शांतता सुरुवातीला चक्क परकी वाटते.

दुसरा दिवस पट्टदकलचा. येथे नदी उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठावर चालुक्यांचे राज्याभिषेक होत. १९८७ मध्ये हा मंदिरसमूह जागतिक वारशाच्या यादीत गेला. एकाच आवारात उत्तरेकडील रेखीव, वर निमुळत्या होत जाणाऱ्या शिखरांची मंदिरे आणि दक्षिणेकडील पायरीपायरीने चढत जाणाऱ्या विमानांची मंदिरे शेजारी शेजारी उभी आहेत. असे का, याचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते.

इसवी सन ६४२ च्या सुमारास कांचीच्या नरसिंहवर्मा पल्लवाने बदामी जिंकली. दुसऱ्या पुलकेशीचा त्या युद्धात अंत झाला असे मानतात. त्या विजेत्याचा लेख बदामीच्या कातळावर आजही आहे. पुढे सुमारे शंभर वर्षांनी याच घराण्यातील दुसरा विक्रमादित्य सैन्य घेऊन कांचीत शिरला. सूड उगवण्याची संधी हाती होती. त्याने काय केले? कांचीच्या राजसिंहेश्वराच्या मंदिराची संपत्ती मंदिराला परत दिली आणि तसा लेख, तोही कन्नडमध्ये, त्याच मंदिरात कोरवून ठेवला. या विजयाच्या स्मरणार्थ त्याची राणी लोकमहादेवी हिने इसवी सन ७४० च्या सुमारास पट्टदकलला मोठे शिवालय बांधविले, तेच आजचे विरूपाक्ष मंदिर. त्याची घडण कांचीच्या मंदिराशी नाते सांगते. ज्यांच्याशी पिढीजात वैर, त्यांची विद्या मात्र आदराने घरी आणली. तेथील शिलालेखात गुंड या सूत्रधाराचे नावही मानाने कोरले आहे. चालुक्यांनंतर आलेल्या राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास कोरविले, त्यामागे याच विरूपाक्षाचा आदर्श असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे कांचीहून निघालेली एक कल्पना मलप्रभेच्या काठी विसावली आणि तेथून महाराष्ट्राच्या डोंगरात पोहोचली. या प्रवासात तिला कोणी भाषा विचारली नाही.

हे लिहिताना आपण कोठे राहतो याचे भान मला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्या गावाने काय सोसले, ते या स्मरणिकेच्या वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. मराठी शाळा, मराठी पाटी, मराठी कागद यांसाठीचा आपला आग्रह न्याय्य आहे आणि तो सोडावा असे मी म्हणणार नाही. परंतु आग्रह एक आणि अनोळखीपणा दुसरा. पंचवीस वर्षे मी कन्नड आयांशी त्यांच्या बाळांविषयी त्यांच्याच भाषेत बोलत आलो. त्यांची खेडी मात्र या प्रवासात प्रथमच पाहिली.

ऐहोळेच्या वाटेवर एका टपरीवर चहाला थांबलो. हेल्मेट घातलेले चार पोक्त गृहस्थ पाहून शाळेतली पोरे भोवती जमली. बाकावर एक वृद्धा नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. कोठून आलात, असे तिने विचारले. बेळगावहून, म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न आला, “मराठी मंदी एन्री?” मराठी माणसे का? मी होय म्हटले. तिने पदराखालून गळ्यातली तुळशीची माळ बाहेर काढून दाखविली आणि हसून एकच शब्द उच्चारला, “पंढरपुरा.” दर आषाढीला ती वारीला जाते. मग नातवाच्या खोकल्याची चौकशी झाली, छाती तपासली, काळजीचे कारण नाही असे सांगितले. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. यात विशेष काही घडले असे नाही; पण नंतरचे चार-पाच किलोमीटर आम्ही कोणीही बोललो नाही.

ऐहोळेला शंभराहून अधिक देवळे आहेत. मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेले ‘दुर्ग’ मंदिर हे दुर्गादेवीचे नव्हे. किल्ल्यावरून त्याला ते नाव पडले. क्षत्रियसंहारानंतर परशुरामाने आपला परशू येथे मलप्रभेत धुतला, अशी आख्यायिका आहे. त्याची माता रेणुका हिचे सौंदत्तीचे ठाणे याच नदीच्या खोऱ्यात. आणि समुद्र हटवून कोकण वसविले तेही त्यानेच, असे आपल्या गोव्याकडील आप्तांची श्रद्धा सांगते. टेकडीवरील मेगुती या जैन मंदिराच्या भिंतीवर रविकीर्ती कवीचा संस्कृत शिलालेख आहे, इसवी सन ६३४ चा. कालिदासाचा काळ ठरविताना अभ्यासक ज्याचा आधार घेतात तो हाच. त्यातच दुसऱ्या पुलकेशीला नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा अधिपती म्हटले आहे. बदामीला राजधानी, कर्नाटकाचा अभिमान असलेला राजा, स्तुती जैन कवीची, भाषा संस्कृत आणि नाव महाराष्ट्राचे! त्याच्या राज्याचा प्रवास करून गेलेल्या युआन श्वांग या चिनी यात्रेकरूनेही त्या देशाला महाराष्ट्र असेच म्हटले आहे. हा राजा कोणाचा, हा वाद घालणाऱ्यांनी एकदा ती टेकडी चढून यावी. वरून दिसते ती फक्त नदी आणि तिच्या दोन्ही काठांची शेते.

तिसऱ्या दिवशी बदामीत अगस्त्य तलावाच्या काठी पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात गेलो. तेथे नागनाथकोळ्ळ येथून आणलेली लज्जागौरीची मूर्ती आहे. मस्तकाच्या जागी कमळ, आणि देह प्रसूतीच्या आसनात. संततीसाठी या देवीची उपासना होत आली आहे. प्रसूतिकक्षात बाळाची वाट पाहत मी हजारो वेळा उभा राहिलो आहे. पहिल्या रडण्यापर्यंतचे ते काही क्षण किती लांब असतात हे आपण जाणतो. चौदा शतकांपूर्वी, जेव्हा ना प्राणवायू होता ना शिरेतून औषध, तेव्हा कोणा अनामिक शिल्पकाराने त्या क्षणालाच देव मानून दगडात कोरले. आम्ही चौघेही तिच्यापुढे बराच वेळ उभे होतो.

आता थोडे व्यवसायाला धरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल आवश्यक आहे. आपण हे पालकांना सांगतो. मुले मात्र सांगितलेले नव्हे, पाहिलेले शिकतात. चाळिशीनंतर प्रथमच लांबची सायकल धरणाऱ्याने हृदयाची तपासणी करून घ्यावी. चढावर बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. हँडलवर सतत भार दिल्याने अल्नर नर्व्ह दाबली जाऊन करंगळी बधिर होते, तेव्हा हाताची पकड बदलत राहावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पहाटे निघावे, दुपारी बारा ते तीन देवळाच्या सावलीत बसावे, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा विसरू नये. पाऊसकाळ टाळावा, २०१९ च्या ऑगस्टमधील पुरात पट्टदकलच्या देवळांत याच नदीचे पाणी शिरले होते.

याच नदीत म्हादईचे पाणी वळविण्यावरून गोवा आणि कर्नाटक यांच्यात तंटा आहे. २०१८ मध्ये लवादाने निवाडा देऊनही तो मिटलेला नाही. वाद असतील, निवाडेही होत राहतील. परंतु ज्या नदीच्या उगमाशी आपण राहतो, तिच्या खालच्या काठी कोण राहते, ते काय खातात, काय विणतात, कोणत्या देवाला जातात, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे. त्यासाठी तीन दिवसांची रजा आणि एक साधी सायकल पुरते. आपल्या संस्थेच्या तरुण सभासदांनी येत्या हिवाळ्यात हा मार्ग जरूर धरावा, आणि जमल्यास मुलांनाही बरोबर न्यावे.