केबल गावात आली, तेव्हा

स्वयंपाक नीट जमला नाही, तर नवऱ्याने बायकोवर हात उचलणं योग्य आहे का? न सांगता घराबाहेर गेली तर? माहेरहून हवे तेवढे पैसे-दागिने आले नाहीत तर? २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि गोव्यातल्या सुमारे १८० खेड्यांत बायकांना हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. यातल्या २१ गावांत याच काळात पहिल्यांदा केबल पोचली. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी नेमकं तेच हेरलं.

केबल असलेल्या आणि नसलेल्या गावांची नुसती तुलना करून भागत नाही. केबलवाला आधी जातो तो रस्ता, वीज आणि पैसा असलेल्या गावात. तिथल्या बायकांचे विचार वेगळे असतील, तर त्याचं श्रेय शाळेलाही जाऊ शकतं. म्हणून या दोघांनी प्रत्येक गावाची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी केली आणि त्याच वर्षांत बाकीच्या गावांत काय घडलं, तेही पाहिलं. केबल येण्याआधीच वारं फिरलं होतं का, हेही तपासलं. तसं दिसलं नाही. केबल आल्यावर मात्र वर्ष-दोन वर्षांतच मारहाण योग्य मानण्याचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा आग्रह सैलावला आणि घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला.

हे सगळं घडलं ते सासू-सुनांच्या मालिकांच्या ऐन भराच्या काळात. त्या मालिका कुणी सुधारणेसाठी लिहिल्या नव्हत्या. पण त्यांतल्या शहरी बायका शिकलेल्या होत्या, एकट्या बाहेर पडत होत्या. ज्या गावात अशी बाई आजूबाजूला दिसतच नाही, तिथे ती रोज रात्री घरात येऊ लागली.

यावर एक रास्त शंका घेता येते. बायकांचं मत बदललं, की काय उत्तर द्यायचं एवढंच त्यांना कळलं? मला हा दुसरा परिणामही लहान वाटत नाही. रवांडात एलिझाबेथ पॅलक यांनी वर्षभर केलेल्या प्रयोगात समेटाचा विषय असलेल्या रेडिओ-मालिकेने श्रोत्यांच्या मनातल्या समजुती फारशा हलल्या नाहीत. ‘चारचौघांत काय चालतं’ याचा त्यांचा अंदाज मात्र बदलला, आणि वागणंही. लोकलज्जेवर चालणाऱ्या समाजात हा अंदाजच पुष्कळ काही ठरवतो.

मुद्दाम शिकवायला गेलं, तर उलटंही होतं. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘हम लोग’मधली सोशिक भगवंती ‘असं जगू नका’ हे सांगण्यासाठी रचली होती. भागाच्या शेवटी अशोक कुमार समजावूनही सांगत. तरी अनेक प्रेक्षकांना, बायकांनाही, भगवंतीच आदर्श वाटली, असं अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांच्या अभ्यासात दिसलं.

म्हणून ‘आम्ही फक्त मनोरंजन करतो’ हा मालिकावाल्यांचा बचाव मला मान्य नाही. पडद्यावर नवऱ्याने थोबाडीत मारली, तर पुढच्या प्रसंगात घरातले काय म्हणतात, हे लिहिणाऱ्याने टीआरपीवर सोडू नये.