पाण्यावर तरंगणारा दगड आणि भट्टीची भिंत

सुरतेहून व्यारा-सोनगडकडे जाताना जे काळे डोंगर दिसू लागतात, ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर होत. आपल्या घरांच्या काँक्रीटमधील खडी पुष्कळदा याच काळ्या दगडाची असते. तो मजबूत खरा, पण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. उलट प्युमिस नावाचा दगड, तोही ज्वालामुखीचाच, चक्क पाण्यावर तरंगतो! १८८३ साली क्राकाटोआचा स्फोट झाला, तेव्हा अशा दगडांचे तांडे कित्येक महिने हिंदी महासागरात तरंगत होते.

एकाच अग्नीची ही दोन लेकरे इतकी निराळी कशी? आपल्याकडचा लाव्हा पातळ होता. त्यातील वायू बहुतांशी निघून गेला आणि रस सावकाश थिजला. प्युमिसचा रस चिकट. तो उसळताना आतल्या वायूचा फेस होतो आणि फेस असतानाच तो थिजतो. घावनाला जाळी पडते, तसाच हा प्रकार. त्या जाळीत कोंडलेली हवा उष्णतेला सहजी वाट देत नाही. म्हणून प्युमिसच्या खडीचे काँक्रीट हलकेही होते आणि उष्णताही अडविते.

मग आपल्या काळ्या दगडातले सच्छिद्र थर का चालू नयेत? पुणे-नाशिककडील खाणींत पाहावे, तर त्या पोकळ्या पुष्कळ ठिकाणी झिओलाइटच्या सुंदर स्फटिकांनी भरलेल्या आढळतात. या स्फटिकांच्या घडणीतच पाणी असते व तापताच ते बाहेर पडते. म्हणूनच क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली त्यांस 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. भट्टीच्या भिंतीत हा पाहुणा नको! आमच्या गोव्याकडच्या चिऱ्यालाही छिद्रे असतात, पण तो फेसाचा दगड नव्हे. मूळ खडक ऊनपावसात कुजून तो बनलेला असतो.

उष्णता सोसण्याचे कारण आणखी निराळे आहे. गारगोटी ५७३ अंश सेल्सिअसला एकाएकी फुगते; चुनखडी सुमारे ९०० अंशांच्या आसपास फुटून तिची कळी होते. काळ्या दगडात गारगोटी जवळजवळ नसल्याने तो असा दगा देत नाही. परंतु खडी चांगली असून भागत नाही. साध्या सिमेंटमधील विरलेला चुना ४००-५०० अंशांस पाणी गमावतो, आणि भट्टी निवाल्यावर हवेतील ओल शोषून पुन्हा फुगतो. भिंत तडकते ती बहुधा तेव्हा. यावर उपाय म्हणजे ज्वालामुखीय राखेची बारीक पूड मिसळणे, म्हणजे ती त्या चुन्याला बांधून टाकते. अथवा ॲल्युमिनायुक्त सिमेंट वापरणे. रोमन लोक चुन्यात अशी राख घालीत. त्यांच्या पँथिऑन मंदिराचा सुमारे ४३ मीटर व्यासाचा घुमट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून उभा आहे; त्याच्या माथ्याकडे प्युमिसची हलकी खडी आहे.

सुरतेच्या कापड रंगविणाऱ्या कारखान्यांत वाफेसाठी बॉयलर अखंड तापतात. तेथे ज्वाळेसमोर अग्निविटाच हव्यात, कारण प्युमिस ही काचच असल्याने अतितापाने मऊ पडते. हलक्या काँक्रीटची जागा त्या विटांच्या पाठीमागे. प्युमिस आपल्या परिसरात मिळत नाही. तेव्हा भाजून फुगविलेली माती, किंवा औष्णिक वीजकेंद्रांतील राखेचे भाजलेले गोळे, यांची खडी त्याच्याऐवजी वापरता येते.